तिसऱ्या चौकातला गडी

गुरुजी, इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला आलो होतो, पण सगळ्यांच्या मागं उभा राहिलो आणि न जेवताच परतीची बस धरली. तेव्हापासून लिहू लिहू म्हणत राहिलो. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, तेही धड नाही. चुका सापडतील, पण लाल पेन्सिल घेऊन बसू नका. सकाळची ब्लडप्रेशरची गोळी घेतली की नाही आठवत नाही. दोनदा पोटात गेली तर काय, या भीतीनं घेतलीच नाही.

परंड्याला बसस्थानकाजवळ माझं सायकलचं दुकान आहे. आता ते पोरगा बघतो, मी कोपऱ्यात बसून पंक्चर काढतो. नात नववीत आहे. शाळेच्या खो-खोच्या संघाची कप्तान आहे. मागच्या रविवारी त्यांच्या मैदानावर दुसऱ्या शाळेशी सामना होता आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं. का, तर मी जुना कप्तान. हसू नका, गुरुजी. गिऱ्हाइकांशी बोलताना आधी मी ‘आमच्या वेळचा संघ चांगला होता’ एवढंच म्हणायचो. मग ‘आम्हीच तो बांधला’ म्हणायला लागलो. त्यातून कप्तान कधी झालो, ते माझं मलाच कळलं नाही. नातीनं दुकानात ऐकलं आणि कौतुकानं शाळेत सांगितलं. खेळाच्या बाईंनी मला शाल घातली, नारळ दिला, पुढच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी एक सर हातात माइक घेऊन सामना सांगत होते. मी शाल सारखी सावरतोय आणि ती सारखी घसरतेय.

शेवटचा डाव. आमच्या मुली पाठलागावर, आणि एक गडी बाद केला की सामना आमचा. तिसऱ्या चौकात एक मुलगी बसलेली, अंगानं जरा जड. समोरच्या संघातली पळणारी पोरगी हुशार. हिला उठायला वेळ लागतो हे तिनं हेरलं होतं, म्हणून सारखी हिच्याच पुढ्यात येऊन रेंगाळायची. आताही तिथंच वळली. नात मागून धावत आली, तिचा हात त्या जड मुलीच्या पाठीकडं गेला, आणि मला राहवलं नाही. खुर्चीवरून उठून ओरडलो, "अगं, तिला कशाला खो देतीस? वलांड तिला! दगड हाय ती!" सरांचा माइक माझ्या तोंडापाशीच होता. माझा आवाज भोंग्यातून सगळ्या मैदानावर गेला, तिकडं किल्ल्याच्या भिंतीवर आपटून परत माझ्याच कानात आला. खो देऊन झाला होता. मुलगी उठली होती, गुरुजी. चांगली वेळेवर उठली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. पण तिनं भोंग्याकडं बघितलं आणि तिचा पाय जागीच अडला. पळणारी निसटली. वेळ संपल्याची शिट्टी झाली. ती मुलगी तशीच आपल्या चौकापाशी उभी राहिली, हात पुढं केलेला.

घरी नात जेवायला बसली ती माझ्याकडं पाठ करून. मीच म्हणालो, "आगं, सामना जिंकायसाठीच आसतो." ती वळली. "तिनं धरलं आसतं, आबा. म्हैनाभर आमी दोघी नुसतं उठायचंच करत व्हतो. तुमी वरडला नसता तर धरलं आसतं." मग म्हणाली, "तुमी कप्तान व्हता तवा तुमच्या गड्यांला असंच बोलत व्हता का?" तिची आजी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "शाल घ्या पांघरून. गारठला आसाल."

तुमची आठवण तिथंच आली. सोनारीच्या जत्रेतला सामना. अख्ख्या शाळेत माझ्याइतका मठ्ठ उठणारा पोरगा नव्हता, तरी तुम्ही मला तिसऱ्या चौकात बसवलेलं. आमचा कप्तान पाटलाचा मुलगा. तो मला ओलांडून पुढच्यालाच खो द्यायचा. पळणाऱ्याला ते कळलं. तो माझ्यासमोर उभा राहून निवांत केस सारखे करत होता, लोक हसत होते. डाव संपल्यावर तुम्ही कप्तानाला बोलावलंत. "एक चौक रिकामा सोडला की पळणारा तिथंच घर बांधतो," म्हणालात. तो म्हणाला, "पण गुरुजी, ह्यो उठतच न्हाय." तुम्ही म्हणालात, "तू खो देतच न्हाईस, मग त्यो उठंल कशाला?" आणि त्याला फिरवून त्याच्या पाठीवर हात ठेवलात. "हे बघ लेका. ढकलायचं न्हाय. हात असा ठेवायचा. त्याला कळलं पायजे, आता सगळा खेळ त्याच्या हवाली केलाय."

पुढच्या डावात त्यानं मला खो दिला. म्हणजे द्यायला आला, आणि मी घाबरून आधीच उठलो. पंचांनी शिट्टी मारली आणि त्या गोंधळात पळणारा सुटला. आपण हरलो. परत येताना ट्रकमध्ये माझ्याशेजारी कुणी बसेना. "बुडाला खळ लावलीय त्याच्या," कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले. तुम्ही पुढं केबिनमध्ये बसला होता. मधे ट्रक थांबला तेव्हा उतरून मागं आलात आणि माझ्याशेजारी पोत्यांवर बसलात. मी बोलणी खायला तयार होतो. तुम्ही खिशातून जत्रेतल्या रेवड्या काढून माझ्या हातावर ठेवल्यात. "उद्या सकाळी येरवाळी ये. उठायचं कसं ते बघू." बस, तेवढंच. मग गाव येईपर्यंत आपण दोघं रेवड्या खात बसलो. मला कुणी दगड म्हणालं नव्हतं असं नाही. सगळे म्हणाले होते. तुम्ही म्हणाला नव्हता.

ती मुलगी रविवारपासून मैदानावर येत नाही. ती आली नाही तर नातही कप्तानपण सोडणार म्हणते. पुढच्या महिन्यात पुन्हा सामने आहेत आणि आठ पोरींवर संघ उभा राहत नाही. त्या मुलीला काय सांगायचं, ते मला ठाऊक आहे. मी कप्तान नव्हतो, तिसऱ्या चौकात बसणारा होतो, हेच सांगायचं. पण तिला सांगितलं की नातीला कळणार. आज ती माझ्याशी बोलत नाही, निदान मला खोटारडा तरी समजत नाही. काल त्या मुलीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. एका बाईनं विचारलं, "कुणाकडं निघाला, आबा?" मी म्हणालो, "गिरणी कुठाय?" हातात ना डबा ना पिशवी. जन्म या गावात गेला माझा.

हे पत्र कुठं टाकणार? हवेच्या पंपाखाली दाबून ठेवतो. पण तुम्ही कसंही करून उत्तर लवकर धाडा, गुरुजी. स्वप्नात या, नाहीतर आणखी कसं कळवता येत असेल तसं कळवा. तिच्या दारात गेल्यावर पहिला शब्द कोणता बोलू, तेवढाच सांगा, पुढचं मी बघतो. घाई अशासाठी की तिची सायकल सामन्याच्या आधीपासून आमच्याच दुकानात आहे. ती नेऊन द्यायच्या निमित्तानं जायचं ठरवलंय. तिचा भाऊ दोनदा विचारून गेला, दोन्ही वेळेला मी म्हणालो, "ब्रेक राहिलाय रं." उद्या तो पुन्हा येईल. सायकल सोमवारीच तयार झाली आहे.