आठ दहाची निधनवार्ता

३ मार्च

पाच विरुद्ध चार! गावाच्या रेडिओ स्टेशनच्या मंडळानं हात वर करून मतं दिली, आणि स्टेशन विद्यापीठाच्या रेडिओनं विकत घेतलं. चर्चच्या तळघरात टाळ्या झाल्या, कॉफी फिरली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

सगळे एकच विचारत होते — सकाळी आठ दहाची निधनवार्ता राहणार ना? चाळीस वर्षं व्हर्लिन ती वाचतात. काउंटीत कोण गेलं, अंत्यविधी कधी, एवढं ऐकूनच लोक कामाला निघतात. विद्यापीठानं बोलायला मला पाठवलं, कारण मी इथलीच. मी म्हणाले, "राहणार. माझा शब्द." आणि नवं वेळापत्रक मीच केलंय! सप्टेंबरपासून आठ दहाला राजधानीच्या बातम्या.

विक्रीच्या बाजूनं पाचवा हात व्हर्लिनचा. "सिग्नेनं सांगितलं ना? मग झालं," म्हणाले. सोळाव्या वर्षी मला माइकसमोर त्यांनीच बसवलं होतं. शी!

१ एप्रिल

ताबा मिळाला. दारावरची पाटी बदलली. आता थेट वाचन बंद. आदल्या संध्याकाळी रेकॉर्ड करायचं, सकाळी कॉम्प्युटर वाजवणार. "म्हणजे लोकांना सांगून ठेव, पाचच्या आत मरा," व्हर्लिन म्हणाले. मी हसले. हसायला नको होतं.

मग आवाजाची चाचणी. चाचणीत दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, स्वतःलाच मारायचं — स्टेशनची जुनी रीत. या माइकवर मी शंभरदा तरी मेलेय. व्हर्लिननी अगदी गंभीर आवाजात वाचलं — व्हर्लिन टोस्ट्रुड, वय एकोणऐंशी, काल झोपेत शांतपणे गेले, मागे पत्नी एल्विरा. पाठोपाठ उद्याची खरी यादी वाचली. दोन्ही रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये मी ठेवली.

२ एप्रिल

आठ दहाला चाचणीचं रेकॉर्डिंग वाजलं. चुकीचं लावलं. मी! दुसरं कुणी नाही.

साडेनऊपर्यंत व्हर्लिनच्या दारात हॉटडिशचे, म्हणजे ओव्हनमधल्या नूडल्सचे, अकरा गरम ट्रे. इथे कुणी गेलं की बायका आधी ओव्हन लावतात, मग रडतात. दार त्यांनीच उघडलं, बनियनवर. शेजारच्या फ्रीडाच्या हातातून ट्रे सुटला, नूडल्स पायरीभर.

एवढ्यावर हसून भागलं असतं. पण एल्विरा दोन वर्षं शुश्रूषागृहात आहेत. सगळं विसरत चाललंय — मुलाचं नाव, आज वार कोणता. आठ दहाला उशाशी रेडिओ लावतात. नवऱ्याचा आवाज ऐकला की त्या न्याहारी करतात. आजही लावला होता.

३ एप्रिल

व्हर्लिनचा फोन. एल्विरांनी त्यांना खोलीत बसू दिलं, पण म्हणाल्या, आपण कोण? माझा नवरा गेला. त्यानं स्वतः वाचलं, आणि तो खोटं वाचत नाही.

मी म्हणाले, कसं झालं कळतच नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही.

६ एप्रिल

विद्यापीठात बैठक. चूक कुणाची? मी सांगितलं — व्हर्लिननी स्वतःचं नाव वाचून ठेवलं होतं. बस, एवढंच. एक अक्षर खोटं नाही, आणि तरी सगळं खोटं! संचालक म्हणाले, म्हातारबुवांना थांबवा, निधनवार्ता आजपासूनच बंद. सप्टेंबरपर्यंत थांबायचंसुद्धा कारण उरलं नाही. माझा मोडलेला शब्द कुणाला दिसणारही नाही आता.

घरी येऊन पोटभर जेवले. लाज कशी ती नाहीच मला.

७ एप्रिल

व्हर्लिनना पत्र गेलं. खाली सही माझी.

१५ एप्रिल

हार्डवेअरच्या दुकानात दोघं बोलत होते. काय तरी ही थट्टा या वयात, व्हर्लिनमुळे गावाची निधनवार्ता गेली! एकानं मला हाक मारून विचारलं, तू तरी त्याला अडवायचंस ना? मी हातात खिळ्यांचं पाकीट घेऊन उभी. मान डोलावली. डोलावली!! जीभ झडली होती का माझी?

गेल्या मंगळवारी एक अंत्यविधी झाला. चर्चमध्ये सहा माणसं होती. बाकीच्यांना कळलंच नाही.

१९ एप्रिल

ठरलं. उद्या आधी व्हर्लिनना खरं सांगायचं, मग संचालकांना. नोकरी गेली तर गेली. लिहून ठेवते, म्हणजे पळता येणार नाही.

२० एप्रिल

व्हर्लिन दुपारी शुश्रूषागृहात असतात, म्हणून तिथेच गेले. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. एल्विरांनी माझा हात धरला. "तू त्याच्या हाताखालची ना? रडू नको, पोरी. त्याला त्रास नाही झाला."

मी व्हर्लिनकडे पाहिलं. ते टोपी मांडीवर घेऊन बाजूच्या खुर्चीत बसले होते, पाहुण्यासारखे.

"खरंय," ते मला म्हणाले. "शांतपणे गेला. मी चांगला ओळखायचो त्याला."