कोपऱ्यातलं घड्याळ

३ फेब्रुवारी
चिमीने आज विचारलं, "आत्या, बाबाचा आवाज कसा होता गं?" दादाला जाऊन सात महिने झाले. सहा वर्षांचं पोर, विसरणारच! आजारपणात त्याने तिच्यासाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या, एवढं माहीत आहे. कुठे ठेवल्या ते सांगायचं राहिलं. फोन, पेनड्राइव्ह, कपाट — सगळं पालथं घातलं. नाहीत.

५ फेब्रुवारी
दादाच्या कॉम्प्युटरवरही नाहीत. वहिनीने तो अजून एकदाही बंद केलेला नाही. "पंखा घरघरतो ना, बरं वाटतं." पडद्याच्या कोपऱ्यात त्याने लिहिलेला घड्याळाचा छोटा प्रोग्राम चालूच.
वर वहिनीची तक्रार — डिस्क भरली म्हणून मध्यंतरी नुसते आकडे लिहिलेली फोल्डरं पुसली, तरी जागा सुटली नाही.

६ फेब्रुवारी
सापडलं कारण! आधी हसू आलं, मग रडू. आमचं जुनंच भांडण! आम्ही दोघांनी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरायला तयार कोड — तिच्यातून एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला, की पहिल्याच्या उघड्या फायली दुसऱ्याच्याही हातात जातात. न मागता. मी म्हणायचे, मुळात देऊच नये. ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. दादा म्हणायचा, "लोकांचे चालते प्रोग्राम मोडतील, शहाणे." पाच वर्षं हेच. शेवटच्या भेटीतही यावरूनच तणतणत निघून आले मी.
आता वहिनीने पुसलेलं काहीतरी घड्याळाच्या हातात अडकलंय. नाव पुसलं तरी कुणी फाईल उघडी धरून आहे तोवर ती डिस्कवर राहते.

७ फेब्रुवारी
केलं एकदाचं. आता लायब्ररीतून न मागता काहीही पुढे जाणार नाही. दादाच्याच मशीनवर पहिल्यांदा लावलं. पुरावा हवा म्हणून उघड्या फायलींची यादी छापून घेतली, घड्याळ बंद केलं, नव्याने सुरू केलं. जागा सुटली! चार जीबी!
वहिनीला म्हणालेसुद्धा — बघ, दादाच चुकत होता. पण जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. आता भांडू कुणाशी?

८ फेब्रुवारी
सुटलेल्या जागेत वहिनीने फोनमधले सगळे फोटो भरले. डिस्क पुन्हा काठोकाठ.

९ फेब्रुवारी
बदलाची टीप लिहायला ती यादी काढली. परवा फक्त आकडे बघितले होते. नाव आज वाचलं.
"घड्याळ — चिमीच्या गोष्टी — पुसलेली."
किती वेळ वाचतोय ते कळावं म्हणून रेकॉर्डिंग चालू असतानाच, त्याच प्रोग्राममधून, घड्याळ लावलं असणार त्याने; म्हणून ती उघडी फाईल घड्याळाच्याही हातात गेली. परवा दुपारपर्यंत आवाज तिथेच होता. एका ओळीच्या कमांडने उतरवून घेता आला असता. आता त्या जागेवर फोटो बसलेत, परत मिळणं नाही. दादाच्या चुकीने तो जपला होता, मी बरोबर ठरायच्या घाईत घालवला.
यादी फाडली. तिने पुसलेल्या फोल्डरांत काय होतं ते वहिनीला कळायला नको. चिमीला सांगितलं, शोधतेय अजून.