अकराव्या मिनिटाची शिट्टी

आप्पा, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि मागच्या आठवड्यात तुमच्या एका कॅसेटवरून माझं ब्राझीलमधल्या एका माणसाशी कडाक्याचं भांडण झालं. हसू नका. आता मोबाइलवर जगभरच्या लोकांचा एक गट आहे आणि त्यात तुमच्यासारखीच खुळी माणसं भरलेली आहेत. वीस-वीस मिनिटांची ती इंग्रजी गाणी, मधेच चाल बदलणारी, मधेच ऑर्गन एकटाच कुठंतरी निघून जाणारा, त्यावर हे लोक दिवसदिवस बोलतात. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हेही मला तिथंच कळलं. आपल्या घरात ते नुसतं ‘आप्पाचं गाणं’ होतं. दर महिन्याला तिथं वाद रंगतो, आपला लाडका अल्बम कुठला आणि चांगला असूनही कुणी ढुंकून न पाहिलेला कुठला. दोन वर्षं मी नुसती वाचत होते. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाचायची, आणि स्टाफरूममधल्या बायकांना वाटायचं मी साड्या बघतेय.

या वेळी राहवलं नाही. तुमच्या कॅसेटवरच्या अल्बमचं नाव दिलं आणि लिहिलं की अकराव्या मिनिटाला ऑर्गन खाली उतरत असताना रेल्वे इंजिनाची लांबलचक शिट्टी वाजते, आणि असं धाडस दुसऱ्या कुणी केलेलं नाही. ब्राझीलवाला म्हणाला, माझ्याकडे या अल्बमच्या चार रेकॉर्ड आहेत, एकीतही शिट्टी नाही. मी म्हटलं, मी चाळीस वर्षं ऐकतेय, मला शिकवू नका. मग कुणी म्हणालं, भारतासाठी वेगळी रेकॉर्ड निघाली असेल. जर्मनीतले एक म्हातारे गृहस्थ तर जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्यांना पत्रं लिहू लागले, ‘शिट्टीवाली’ मिळेल का म्हणून. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. शेवटी सगळे म्हणाले, बाई, आम्हाला ऐकवा तरी.

म्हणून रविवारी सकाळी तुमचा टेप काढला, कॅसेट लावली आणि मोबाइल समोर धरला. माय स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. शिट्टी झाली तशी तिनं मान वर केली.

“शेडातलं इंजन हाय ते,” माय म्हणाली.

“माय, गाण्यातली शिट्टी आहे ती.”

“कुठली गाण्यातली! मी हुते की तिथं. तुला शेजारी धाडलं हुतं, बारकी हुतीस. मला स्टो बी पेटवू दिला न्हाई.”

मग तिनं सगळं सांगितलं. सिकंदराबादहून बदलून आलेल्या फोरमन साहेबांनी तुम्हाला एका रविवारपुरती ती रेकॉर्ड आणि वाजवायचं यंत्र दिलं होतं. वायरनं जोडायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही पूर्णेच्या आपल्या रेल्वे क्वार्टरची दारंखिडक्या लावून घेतलीत आणि स्पीकरसमोर टेप ठेवून श्वास रोखून बसलात. इंजिनं दुरुस्त करायची तुमची लोको शेड हाकेच्या अंतरावर. शिट्टी व्हायचीच.

“मी म्हणले, आता परत भरा की. संध्याकाळपस्तोर हाय रिकार्ड आपल्यापशी. तर म्हणले, न्हाई, राहू दे. त्या इंजनाची शिट्टी आठ दिस बसली हुती, कालच म्या नीट केली. बघ कशी सुरात वाजायली.”

आप्पा, तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. सहामाहीचे पेपर तसेच पडलेत. हे लिहितानाही तीनदा उठले, एकदा उगाच गॅस बघितला. गटात माझं हसं होईल हे आहेच, पण त्याहून दुसरंच काहीतरी टोचतंय. परभणीला कॉलेजात असताना मी मैत्रिणीला घेऊन सुट्टीला आले होते, आठवतं? तुम्ही ड्युटीवरून आला होता, हाताच्या रेघांत अजून काळं तेल होतं. पाहुणी आली म्हणून तुम्ही हौसेनं हीच कॅसेट लावलीत. आणि मी, इंग्रजी घेऊन शिकणारी शहाणी, तिच्यादेखत विचारते, “आप्पा, यातला एक शब्द तरी कळतो का तुम्हाला?” मैत्रीण फिस्सकन हसली. तुम्ही आवाज कमी केलात. “शब्द न्हाई कळत गं. पण आता कुठं वळायलंय ते कळतंय,” एवढंच म्हणालात. त्यानंतर मी घरी असताना तुम्ही ती कधी लावली नाहीत. मला त्याची लाज वाटते. त्या वेळी वाटायला हवी होती, पण नाही वाटली. आणि आज त्याच कॅसेटवर मी परदेशात भाव खात होते.

काल गटात सगळं खरं लिहून टाकलं. शिट्टी बँडची नाही. माझे वडील रेल्वेत फिटर होते, त्यांनी दुरुस्त केलेल्या इंजिनाची आहे. माझी चूक झाली, माफ करा. ब्राझीलवाल्यानं हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली, तो त्याचा हक्कच होता. जर्मनीतल्या आजोबांचं मात्र मोठं पत्र आलं. ते म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका, कॅसेट माझ्याकडे पाठवा; माझ्याकडे जुने आवाज साफ करायचं यंत्र आहे, ती शिट्टी आणि खरखर अशी काढून देतो की गाणं नव्यासारखं वाजेल. पैसे नकोत.

मायला वाचून दाखवलं. “शिट्टी काढणार?” ती म्हणाली. “अन् मग त्यात आपलं काय ऱ्हायलं?”

भला माणूस आहे हो तो. एवढ्या मायेनं विचारतो, त्याला काय सांगावं म्हणून सकाळभर घरात येरझाऱ्या घातल्या. तुम्हाला लिहितेय ते हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. पहिल्यांदा मी चुकले ते न कळून. या वेळी मात्र धडधडीत खोटं बोलले. फीत टेपात अडकून तुटली, असं त्याला कळवलं. कॅसेट चांगली धड आहे, आप्पा. त्यानं लगेच उलट उत्तर पाठवलं, वडिलांची आठवण अशी जाण्याचं दुःख मला कळतं म्हणून माझं सांत्वन केलं, आणि तेही मी घेतलं.