पुसलेल्या नावाची जागा

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, संध्याकाळ, १९७६

महिनाभराच्या रजेवर घरी आलोय, पण ऑफिसातला प्रोग्रॅम डोक्यातून जात नाही. चूक आज सापडली. क्रमांकावरून कॉम्प्युटर कामगाराचं नाव शोधतो. प्रत्येक क्रमांकाची जागा ठरलेली, पण कधी दोघांना एकच येते; ती आधीच भरलेली असेल तर नाव पुढच्या मोकळ्या जागेत बसतं. सोडून गेलेल्याचं नाव मी सरळ पुसत होतो. मग शोधताना रिकामी जागा लागली की कॉम्प्युटर तिथंच थांबतो, पुढचे सगळे जणू नाहीतच! पुसायचं नाही, ‘इथं कोणीतरी होतं, पुढं बघ’ अशी खूण ठेवायची. एवढं साधं कसं सुचलं नाही?

माझे वडील, अप्पा, गेल्यावर कट्ट्यावरची त्यांची खुर्ची मीच माळ्यावर टाकली. तेव्हापासून दाराशी कोणी येत नाही. शेजारच्या मागावर कापड विणत अप्पांसोबत जन्म काढलेले यादगिरीकाका रोज समोरून जातात. कट्ट्याकडे बघतात आणि चालू लागतात. दिवस दिवस मी कुणाशी बोलत नाही. मला वाटायचं, माणसं विसरली.

मघाशी खुर्ची परत बाहेर ठेवली. काका थबकले.

“बसू का रे हितं?”

“बसा की, काका.”

ते पायरीवर बसले. मीही. खुर्ची मोकळीच राहिली.