लांडग्यासाठी दारूची परीक्षा

ता. ३ मार्च १९४१, सोमवार.
मी, नाथाजी सखोजी थोरात, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती, मराठी चौथी उत्तीर्ण, ठासणीच्या रायफलीचा लायसनदार, राहणार विट्याजवळील माळवाडी, या रोजनिशीत खरे तेच लिहितो.
शाळू निघाला. आटपाडीकडील अर्जुना धनगराची मेंढरे खतासाठी आमच्या रानात बसविली आहेत. माळावर लांडगा फिरतो. ज्याच्या रानात मेंढरे, त्याच्याकडे राखण, हा आमच्याकडील रिवाज. अर्जुनास शब्द दिला की, केसालाही धक्का लागणार नाही. तो म्हणाला, "मालक, कुत्री हायत, आगटी हाय. तुमी निवांत झोपा." रायफल काय चीज आहे, हे त्यास ठाऊक नाही.

ता. ४ मार्च.
युद्धामुळे सांगलीस दुकानी दारू मिळत नाही. विहिरी फोडणाऱ्या कोंडीबाकडून सुरुंगाची भरड दारू घेतली. जत्रेच्या आतषबाजीतील बारीक दारू घरी होतीच. आधी पद्धतशीर टेस्ट, मग लांडगा, असे ठरविले. घाई हा अडाण्यांचा स्वभाव.

ता. ५ मार्च. दुपार.
बांधावर मडके ठेवून बार काढले.
बारीक दारू: नुसता धूर. मडके शाबूत.
भरड दारू: आवाज अतिशय मोठा. खांदा निळा. मडके शाबूत.
कोंडीबा म्हणाला, "आबा, मडक्याला नवस बोला." दुर्लक्ष केले. भरड दारू पास.

ता. ६ मार्च.
गोळी नळीच्या पेचात घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती वंगण लावलेली चिंधी गुंडाळून गजाने ठासावयाची असते. सर्व मर्म वंगणात आहे. आज साजूक तूप. गोळी कोठे गेली, ते समजले नाही.
चिंध्यांसाठी घेतलेले लुगडे जुने नव्हते, असे आमचे कुटुंब मनुबाई हिचे म्हणणे. आणखी म्हणाली, "आवं, नातवाच्या भाकरीवर तूप न्हाई, आन् बंदुकीच्या तोंडात हाय! तिला आता पाटावर बसवून जेवाय वाढा." स्त्रियांस टेस्टचे महत्त्व नाही.

ता. ७ मार्च.
खोबरेल: फेल. मेण व गोडेतेल: चिंधी अडकली, गज वाकला.
अर्जुनाने मेंढीची चरबी आणून दिली. म्हणाला की, त्याच्या आज्याच्या वेळचे शिकारी हीच लावीत, थंडीवाऱ्यात पाझरत नाही. दसऱ्यास पुजलेल्या हत्यारात मेल्या जनावराची चरबी चालणार नाही, असे त्यास समजावले. तर म्हणतो, "मालक, ती जीव घेती त्येचा इटाळ न्हाई, आन् चरबीचा हाय व्हय?" धनगराशी शास्त्रार्थ करू नये. चरबी परत केली.

ता. ८ मार्च.
रोजच्या बारांनी अर्जुनाचे थोरले कुत्रे माळापलीकडे पळाले ते परतले नाही. धाकटे आमच्या गाडीखाली दडून बसले आहे, भाकरी दाखविली तरी निघत नाही. असली भित्री जनावरे राखणीस काय कामाची? वेळीच कळले, हाही टेस्टचा फायदा.

ता. १० मार्च.
विजय! एरंडेल. मडके फुटले. थोडे जवळून मारले, परंतु फुटले.
भरड दारूस ओल लागल्याने ती रानातच, मेंढरांभोवती ताणलेल्या दोरीच्या जाळीशेजारी घोंगडीवर वाळत घातली. सबब आगटी विझविण्याचा हुकूम दिला. अर्जुनाची बायको धोंडुबाई म्हणाली, "आवं मालक, इस्तू न्हाई, कुत्रं न्हाई. त्यो आला तर त्येला काय दावायचं, माजं तोंड?" मी म्हणालो, रायफल.

ता. ११ मार्च.
रायफल ठासून सज्ज केली. चिंधी एरंडेलात सढळ हाताने भिजविली. कंजुषी माझ्या स्वभावात नाही. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी केली आहे. आजपासून रानात झोपावयास या, असे अर्जुना दारात येऊन दोनदा म्हणाला. होळी झाल्यावर निश्चित येईन. सणाच्या दिवशी घर सोडणे योग्य नाही.

ता. १२ मार्च, होळी. दिवेलागण.
गावात होळी पेटली. सर्वजण तोंडावर हात मारून बोंब ठोकीत आहेत. आमच्या रानाकडूनही बोंब ऐकू येते, बाईमाणसाचा आवाज दिसतो. मुलखाबाहेर आलेले धनगरही सण मनापासून पाळतात, हे पाहून समाधान वाटले. पुरणपोळी चांगली झाली आहे.

ता. १३ मार्च.
ती होळीची बोंब नव्हती. कोंडीबा धावत आला, तेव्हा समजले. रायफल घेऊन निघालो. लांडगा जाळीच्या आतच होता. अर्जुना काठीनिशी आत गेला होता व त्याचा डावा हात लांडग्याच्या तोंडात होता. अंतर बेताचे. नेम धरून चाप ओढला. ठिणगी पाडणारी टोपी फुटली. बार झाला नाही. लांडगा कोंडीबाच्या पहारीने पळाला. मेलेली मेंढरे ओळीने मांडली, ती बांधापर्यंत गेली.
नळी उलटी केली असता दारू काळ्या चिखलासारखी, एरंडेलात न्हालेली निघाली. यंदा हवेत फार दमटपणा आहे.

ता. १९ मार्च.
अर्जुनास मिरजेस नेले होते. हात कोपराच्या वरून काढला. उजवा शाबूत आहे, ही समाधानाची बाब. त्यास भेटावयास जाण्याचा विचार होता, परंतु खांदा दुखतो.
मनुबाई हल्ली ताट वाढून निघून जाते.

ता. ६ एप्रिल, रविवार.
अर्जुना उरलेली मेंढरे न्यावयास आला. जाळी गुंडाळताना त्याने एक टोक दातांत धरले होते. धोंडुबाई मदतीस गेली, तर म्हणाला, "सोड, मला शिकू दी."
गावात काहीबाही बोलले जाते. सबब सर्वांसमक्ष कागद केला की, रायफलीची टोपी वेळेवर फुटली व लायसनदाराकडून कसूर झाली नाही.
समक्ष हजर: कोंडीबा, विहिरी फोडणारा. वाचून घेतले, हसला, सही केली नाही. मनुबाई, आमचे कुटुंब. उठून आत गेली. धोंडुबाई. कागदाकडे पाहिले नाही. अर्जुना धनगर, निरक्षर. तो एकटाच "द्या मालक, लावतो," म्हणाला. रिवाज पुरुषाच्या डाव्या अंगठ्याचा आहे. शाईची डबी उघडून धरली होती. मिटली.