घर वाचनवर्गाच्या मास्तरांना

मी, खाली सही करणारी, प्रौढशिक्षण खात्यातली निवृत्त प्रशिक्षण अधिकारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपणाखाली यायची सवय मला नोकरीतही लागली नाही. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते मी राज्यातल्या प्रौढ वाचनवर्गांच्या शिक्षकांच्या संस्थेला देत आहे. धाकट्या भावाने विचारले, "अगं ताई, रक्ताची माणसं सोडून घर मास्तरांना?" हो, मास्तरांनाच. कारण लिहून ठेवते, म्हणजे "म्हातारीला कोणीतरी भरीस घातलं" असे नंतर कोणी म्हणायला नको.

राज्यभरच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आखणी माझ्याकडे आली, तेव्हा वर्गांत मोठ्या माणसांकडून धडे पाठ करून घेत, सही गिरवून घेत आणि साक्षर झाले म्हणून मोकळे होत. मी आधी पडताळा घ्यायचे ठरवले. काही वर्गांत जुनी पद्धत तशीच ठेवली. काही वर्गांत अक्षराचा आवाज, आवाज जोडून शब्द आणि रोज मोठ्याने वाचन, असे शिकवले. शेवटी सगळ्यांपुढे कधीही न पाहिलेला उतारा ठेवला. जुन्या वर्गांतली बहुतेक माणसे पहिल्याच ओळीत अडली. नव्या वर्गांतली बहुतेक, अडखळत का होईना, तळापर्यंत पोचली.

संचालक साहेबांनी अहवाल वाचला आणि दार लावून घेतले.

"बाई, जुन्या वर्गांचे निकाल जरा सुधारून आणा. इतकी वर्षं आपण काय केलं, असं विचारतील लोक."

"विचारू देत की. मलाही तेच विचारायचंय."

"सही येते ना त्यांना? बस झालं. त्यांना काय कादंबऱ्या वाचायच्यात?"

"वाचायच्या असल्या तर? तुम्ही कोण अडवणारे?"

माझी बदली पुस्तकांच्या गोदामात झाली. बाई धूळ खात पडेल, असा साहेबांचा होरा. मी गठ्ठ्यांचीच बाके केली. शिक्षक रजा टाकून, पदरमोड करून येऊ लागले आणि परत जाऊन आपापल्या जिल्ह्यात इतरांना शिकवू लागले. साहेब निवृत्त झाल्यावर खात्याने तीच आखणी राज्यभर लागू केली. आता मात्र दोन आठवड्यांचे प्रशिक्षण एका दिवसाच्या भाषणात उरकायचे घाटते आहे. काठावर उभे राहून पोहणे शिकवता येते का? म्हणून शिक्षकांना स्वतःची जागा हवी, जिथून त्यांना कोणी उठवू शकणार नाही.

२. अट एकच. इथे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने खऱ्या शिकणाऱ्याला समोर बसवून शिकवावे, आणि त्याला वाचता येते का ते तपासावे. माझ्यापेक्षा चांगली पद्धत पुराव्यानिशी सापडली, तर माझी खुशाल टाकून द्यावी. भिंतीवर माझा फोटो नको. तिथे फळा लावा.

३. भावाला बँकेतली शिल्लक आणि वडिलांची आरामखुर्ची. त्या खुर्चीवरून आम्ही लहानपणापासून भांडतो आहोत. घे बाबा, जिंकलास. भाचीला शिलाई मशीन. हट्टीपणाही दिला असता, पण तो तिच्याकडे आधीच भरपूर आहे. म्हणूनच या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

४. संचालक साहेब हयात असल्यास त्यांना पुढच्या तुकडीत पहिल्या बाकावरची जागा. पूर्ण दोन आठवडे. मधेच उठायचे नाही.

५. मी गेले म्हणून वर्ग बंद ठेवू नये. शोकसभेत बोलायला जे उठतील, त्यांच्या हाती खडू द्यावा.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.
तारीख: नवी तुकडी सुरू झाली तो सोमवार.

लिहून देणार: प्रशिक्षणवाल्या बाई (सही)

साक्षीदार: आमचे डॉक्टर (सही)

साक्षीदार: शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)

टीप: शेजारणीला वाचनवर्गात वाचायला शिकून दोन वर्षे झाली. डॉक्टर म्हणाले, "साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असं नाही." ती म्हणाली, "न वाचता सह्या खूप केल्या मी." आणि तिने सगळे मोठ्याने वाचले. पहिल्या कलमात एका शब्दावर तिचे बोट थांबले.

"हे 'बिचाऱ्या' कोणाला म्हटलंय?"

"शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना."

"खोडा."

खोडले आहे. त्या जागी आम्हा दोघींच्या सह्या आहेत.