तेवीस कुंड्या आणि नळामागची भिंत

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सहाला उठलो. कुंड्यांना पाणी घातले. नऊला रंगारी आला, साडेबाराला गेला. जेवलो. आता पत्र लिहायला बसलो आहे.

ती. अक्कांस साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढतानाच दुखतो, की आता उतरतानाही? मी बरा आहे. वजन थोडे उतरले, पण ते उतरवायचेच होते. रविवारी तुम्ही टेम्पो घेऊन हिच्या नेच्यांच्या कुंड्या न्यायला येणार, हे माझ्या ध्यानात आहे. ही गेली तेव्हाच तुम्ही म्हणाला होता, ‘तुमच्या हातून ते जगायचे नाहीत,’ आणि मी मान डोलावली होती. त्याला सात महिने झाले. तरी येण्याआधी काही गोष्टी कानावर घातलेल्या बऱ्या, नाहीतर तुम्ही फाटकातच विचाराल आणि मला उत्तर सुचणार नाही.

मार्च संपता संपता मी पहिल्यांदाच नेच्याचे पान उलटे करून पाहिले. (एकतीस वर्षे वरूनच पाहत होतो, तेही चहा पिता पिता.) मागे तपकिरी ठिपके, दोन रांगांत, अगदी सारख्या अंतरावर. मी जन्मभर कचेरीत नकाशे काढले. इतके सारखे अंतर पट्टी लावूनही जमत नाही. कौतुक करायचे सोडून मी घाबरलो. माझ्या ताब्यात येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच कीड! (तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला, हे कबूल करतो.) ही झाडांजवळ साबण येऊ देत नसे एवढे ठाऊक होते, म्हणून साधे पाणी आणि माझा दात घासायचा ब्रश घेऊन तेवीस कुंड्यांचे पान न् पान मागून घासले. तीन दिवस लागले. गढूळ बादल्या मागच्या अंगणात नळामागच्या भिंतीवर ओतल्या. मग नजरेतून सुटलेले एक पान घेऊन रोपवाटिकेत औषध विचारायला गेलो. माळी पानाकडे बघतच राहिला. ‘काका, ही कीड नाही, पोरंबाळं आहेत त्याची. बाकीची कुठं आहेत?’ ‘घासली.’ ‘सगळी?’ ‘सगळी.’ त्याने हातातली झारी खाली ठेवली.

पुढचे थोडक्यात सांगतो. तो काळ्या तारेसारख्या देठांचा नाजूक नेचा अशक्त वाटला म्हणून मी त्याला उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याचा कागद झाला. काही जास्त पाण्याने गेले, काही मी धसका घेऊन पाणी तोडल्यामुळे. आज अकरा कुंड्या आहेत.

तुम्ही येणार म्हणून घर जरा बरे दिसावे, यासाठी रंगारी बोलावला. नळामागे भिंतीला टेकवलेला पत्रा त्याने उचलला आणि म्हणाला, ‘शेवाळ चढलंय काका, खरवडतो.’ मी वाकून पाहिले आणि त्याचा हात धरला. आतून माझे नकाशाचे भिंग आणले. अक्का, मला नीट सांगता येणार नाही. करंगळीच्या नखाएवढ्या हिरव्या चकत्या, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ, विटांना घट्ट चिकटलेल्या. प्रत्येक बदामाच्या खाचेतून एक दोरा वर आलेला आणि त्याच्या टोकाला गुंडाळी. ती गुंडाळी मी ओळखतो. ही रोज सकाळी बोट न लावता नव्या पानांच्या गुंडाळ्या मोजायची आणि मला आकडा सांगायची. मी ‘हं’ म्हणायचो. आज मीच मोजायला बसलो. चारशेच्या पुढे चुकलो, तरी भिंत हातभरसुद्धा सरली नव्हती. मी चपला काढल्या होत्या. कधी काढल्या ते आठवत नाही. माझ्या फुंकरीने काही उडेल म्हणून श्वास जपून सोडत होतो. रंगाऱ्यानेही भिंगातून पाहिले, बराच वेळ. मग हळू आवाजात विचारले, ‘कोणी लावलं हे?’ मी नळाखालच्या बादलीकडे बोट दाखवले. त्याने नळामागची जागा सोडून बाकीची भिंत रंगवली. त्यामुळे ती आता चांगली वेडीविद्री दिसते. तुम्ही हसाल.

इकडे बाकी सर्व क्षेम.

आपला,
‘अहो’
(या नावाने हाक मारणारे आता कोणी नाही, पण सहीला दुसरे काही सुचले नाही.)

ता. क. वर अकरा कुंड्या लिहिल्या, त्यातल्या पाच रिकाम्या आहेत. माती चांगली आहे.

आणखी एक. उरलेल्या सहा खुशाल न्या, थोरली बहीण म्हणून तुमचा हक्क आहे. भिंत मात्र राहू द्या. ती टेम्पोत बसणार नाही म्हणून म्हणत नाही. मागतो आहे.

शेवटचे. सहाही राहिल्या तर बरे होईल. मला सकाळी उठून कोणाची तरी विचारपूस करावी लागते. टेम्पो आणू नका, नुसत्या या. चार दिवस राहा आणि पाणी किती घालायचे ते एकदा हाताने दाखवा. सांगितलेले माझ्या लक्षात राहत नाही, असे ही तुम्हाला नेहमी सांगायचीच.

टपाल चारला निघते. दुपारची भांडी तशीच पडली आहेत, ती घासतो.